घरातली मारहाण आणि मुलांचं वागणं : संशोधक हे शोधतात तरी कसं?

मधल्या सुट्टीत एक पोरगं कुणाचा तरी डबा ओढतं, कुणाला ढकलून देतं आणि गुरुजींनी जाब विचारला की मान खाली घालून उभं राहतं. त्याची बहीण त्याच शाळेत, दोन वर्ग खाली. वही टापटीप, अक्षर सुंदर, कुणाशी तंटा नाही, सांगाल ते ऐकणार. पालकसभेत पोराची तक्रार होते, पोरीचं कौतुक होतं. दोघं येतात एकाच घरातून, आणि त्या घरात बाप आईला मारतो.

ही भावंडं समजावण्यासाठी रचलेली आहेत. पण आपल्या खान्देशात रावेर असो की शिरपूर, नवापूर असो की चाळीसगाव, जुन्याजाणत्या शिक्षकाला ती अनोळखी वाटणार नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित महिलांपैकी सुमारे २९ टक्के महिलांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्यांतल्या कितीतरी घरांत मुलं आहेत. मग त्या मुलांचं काय होतं?

आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘पोरांना काय कळतंय.’ दुसरं, ‘असल्या घरचं पोरगं, ते असंच निघणार.’ दोन्ही चूक आहेत आणि दोन्हींनी मुलांचं फार नुकसान केलं आहे. ती चूक का, हे कळायला निष्कर्षांची यादी पुरत नाही. ते निष्कर्ष कसे काढले, हे पाहावं लागतं.

मुलाने नेमकं काय अनुभवलं?

पहिली अडचण इथेच. मुलाने मारहाण डोळ्यांनी पाहिली तरच ती मोजायची का? जॉर्ज होल्डन या मानसशास्त्रज्ञाने २००३ साली याची नीट फोड केली आणि मूल घरातल्या हिंसेला दहा प्रकारे सामोरं जातं असं मांडलं. आईच्या पोटात असताना. मधे पडून सोडवायला जाताना. स्वतःला मार बसताना. कधी त्यालाच आईवर पाळत ठेवायला लावलं जातं. समोर पाहणं आहे, भिंतीपलीकडून ऐकणं आहे. सकाळी आईच्या दंडावरचा काळानिळा डाग दिसणं, फुटलेला आरसा दिसणं. नंतरची परवड, म्हणजे आई माहेरी निघून जाणं, शाळा बदलणं. इतरांच्या बोलण्यातून कळणं. आणि शेवटचा प्रकार, मोठ्यांना वाटतं की याला काहीच ठाऊक नाही.

हा शेवटचा प्रकार मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘आम्ही पोरं झोपल्यावरच भांडतो’ असं आई-वडील प्रामाणिकपणे सांगतात, आणि मुलांना वेगळं विचारलं की ती त्या रात्रीचा शब्द न् शब्द सांगतात. पालकांच्या अंदाजापेक्षा मुलांना बरंच जास्त ठाऊक असतं, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात, उन्हाळ्यात सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, किंवा अंगणात झोपतात तिथे, वेगळं काय होणार?

अगदी तान्ह्या बाळांचंही तसंच. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ६ ते १२ महिन्यांची बाळं झोपेत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं आणि त्यांना पुरुषाच्या आवाजातली निरर्थक वाक्यं ऐकवली, काही साध्या सुरात, काही रागाच्या. ज्या घरांत आई-वडिलांची भांडणं जास्त, तिथल्या बाळांच्या मेंदूतले ताण आणि भावना हाताळणारे भाग रागाच्या सुराला जास्त जोराने प्रतिसाद देत होते, तेही झोपेत. हा अभ्यास भांडणांचा होता, मारहाणीचा नव्हता. पण ‘झोपलंय ते, त्याला काय कळतंय’ याला तो पुरेसं उत्तर आहे.

होल्डनच्या यादीतल्या ‘इतरांच्या बोलण्यातून कळणं’ या प्रकाराचं आपल्या भागातलं रूप म्हणजे आश्रमशाळेतली मुलं. सातपुड्यातल्या पाड्यावरचं मूल वर्षातला बराच काळ वसतिगृहात असतं. घरची मारहाण त्याला होळी-दिवाळीलाच दिसते. म्हणून ते तिच्यापासून लांब आहे असं वरवर वाटेल, पण आई घरी एकटी आहे हे त्याला रोज ठाऊक असतं, आणि गावाकडून आलेला कुणीही काहीतरी सांगून जातो. फक्त ‘घरात पाहिलं का’ एवढंच विचारणारी प्रश्नावली या मुलाला सरळ ‘नाही’च्या रकान्यात टाकेल.

वागणं मोजायचं कसं?

‘पोरगं बिघडलंय’ हे मोजमाप नव्हे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली २५ विधानांची एक प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरतात. डोकं किंवा पोट दुखत असल्याची वारंवार तक्रार करतं का, पटकन घाबरतं का, चिडून आदळआपट करतं का, एका जागी बसवत नाही का, एकटं एकटं राहतं का, लहानांशी मायेने वागतं का, अशी साधी विधानं असतात. प्रत्येकापुढे ‘खरं नाही’, ‘थोडंफार खरं’, ‘अगदी खरं’ यांपैकी एकावर खूण करायची. पालकांसाठी वेगळी प्रत, शिक्षकांसाठी वेगळी, आणि ११ वर्षांपुढचं मूल स्वतःचीही भरू शकतं.

उत्तरांतून दोन तऱ्हेचा त्रास दिसतो. एक बाहेर निघणारा : मारामारी, खोटं बोलणं, शिवीगाळ, शाळा बुडवणं. दुसरा आत मुरणारा : भीती, उदासी, झोप न लागणं, अंथरूण ओलं होणं, ‘मनं पोट दुखस’ म्हणत रोज सकाळी कोपऱ्यात बसणं आणि डॉक्टरने तपासल्यावर पोटात काहीही न सापडणं. पहिला त्रास वर्गाला होतो, म्हणून तो लगेच दिसतो. दुसरा फक्त त्या मुलालाच होतो. सुरुवातीच्या भावंडांतली ती ‘शहाणी’ पोर या दुसऱ्या गटात असू शकते. तिचं गुणीपण खोटं नसतं, पण बरेचदा त्यामागे एक हिशेब असतो : आपण चुकलो नाही तर आज घरात काही होणार नाही.

म्हणून एकालाच विचारून भागत नाही. आई स्वतः खचलेली असेल तर तिला मूल आहे त्याहून जास्त त्रासलेलं वाटू शकतं, किंवा तिच्या लक्षातच येत नाही. शिक्षकाला वर्गातला दंगा दिसतो, रात्रीची झोप दिसत नाही. चांगला अभ्यास आई, शिक्षक आणि मूल अशा तिघांनाही विचारतो आणि तिघांची उत्तरं जुळत नाहीत तिथे थांबून विचार करतो. आणि विचारायचं ते मुलाच्या भाषेत. धडगावच्या पोराची घरची बोली भिली किंवा पावरी, पारोळ्याच्या पोराची अहिराणी. प्रश्नावली त्या बोलीत उतरवून, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मूळ भाषेत आणून अर्थ तोच राहिला का हे तपासावं लागतं. वेळखाऊ काम आहे, पण ते टाळलं तर मुलाचा गोंधळ हाच त्याचा आजार म्हणून नोंदला जाईल.

आखाजीला आलेला नातू

आता खरा अवघड भाग. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, सोबत सात वर्षांचा नातू. आठ दिवसांत आजीच्या लक्षात येतं की पोरगं रात्री दचकत नाही, अंथरूण ओलं करत नाही, पोटभर जेवतं. आजी म्हणते, ‘तिकडच्या घरातच काहीतरी आहे.’

आजीची नजर पक्की आहे, संशोधनाची सुरुवात अशाच निरीक्षणातून होते. पण संशोधक लगेच मान डोलावणार नाही. आखाजीच्या दिवसांत बहुतेकदा परीक्षा संपलेली असते, शाळेचा ताण नसतो. ताटात आमरस आणि मांडे असतात. मामा लाड करतो, भाचरं खेळायला असतात. आईलाही वावराच्या कामातून सुटका मिळते, ती पोराजवळ निवांत बसते. मग पोरगं सुधारलं ते मारहाण थांबल्यामुळे, की या बाकीच्या सगळ्यामुळे?

ज्या घरात मारहाण असते त्या घरात बरेचदा आणखीही काही असतं : दारू, कर्ज, आजारपण, आईचं एकटेपण. राष्ट्रीय सर्वेक्षणातही नवरा वारंवार पिऊन येतो तिथे हिंसेचं प्रमाण खूप जास्त दिसतं, आणि न पिणाऱ्यांच्या घरातही ती असतेच. शिवाय आईला मारणारा माणूस अनेकदा मुलांनाही मारतो. मग मुलाच्या वागण्याचं खापर नेमकं कशावर फोडायचं?

यासाठी संशोधक तुलनेचा गट घेतात. उत्पन्न, शिक्षण, घरातली माणसं, मुलाचं वय सारखं असलेली कुटुंबं शोधायची, ज्यांच्यात मारहाण नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांना एकाच मापाने मोजायचं. त्याहून भक्कम पद्धत म्हणजे तीच मुलं वर्षानुवर्षं पाहत राहणं. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे त्यातूनच कळतं. नाहीतर ‘पोरगं द्वाड, म्हणून घरात भांडणं’ असा उलटा अर्थही कुणी काढेल, आणि काढतातही.

तरी एक शंका उरते. तापट बापाचं पोर तापट, हे रक्तातूनच आलं असेल तर? इंग्लंड आणि वेल्समधल्या ५ वर्षांच्या १,११६ जुळ्या जोड्यांच्या अभ्यासाने या शंकेला हात घातला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, साध्या जुळ्यांची साधारण निम्मी. दोन्ही तऱ्हेच्या जोड्या ताडून पाहिल्या की अनुवंशाचा वाटा किती आणि घराचा किती हे वेगळं काढता येतं. अनुवंशाचा वाटा बाजूला काढल्यावरही घरातल्या हिंसेचा मुलांच्या वागण्यावरचा परिणाम शिल्लक राहिला. याच जोड्यांवर २००३ साली आलेल्या दुसऱ्या लेखात तीव्र हिंसेच्या घरांतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ८ गुणांनी कमी आढळला. ‘पोरगं ढ आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

अभ्यासातली मुलं कुठून आणली, हेही बघावं लागतं. सुरुवातीचे बरेच अभ्यास परदेशातल्या महिला आश्रयगृहांत झाले. घर नुकतंच सुटलेलं, शाळा तुटलेली, आई भेदरलेली. अशा वेळी कुठलंही मूल सैरभैर असणारच. आपल्याकडे फक्त पोलीस ठाण्यात किंवा समुपदेशन केंद्रात आलेल्या कुटुंबांवर अभ्यास केला तर तीच गत होईल. जी बाई कुठेच गेली नाही, तिची मुलं मोजलीच जाणार नाहीत.

मग हाती काय लागलं?

२००३ साली कॅथरीन किट्झमन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे ११८ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. घरातली हिंसा अनुभवलेल्या मुलांपैकी सुमारे ६३ टक्के मुलं, हिंसा न अनुभवलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट स्थितीत होती.

हा आकडा घाईत वाचू नका. काहीच परिणाम नसता तरी साधारण निम्मी मुलं सरासरीच्या खाली असतीच. म्हणजे ५० चे ६३ झाले, ही वाढ हिंसेशी जोडलेली. ती खरी आहे, पण ती प्रत्येक मुलाचं भविष्य नाही. उरलेली ३७ टक्के मुलं सरासरीइतकी किंवा त्याहून बरी होती. ‘असल्या घरचं पोरगं असंच निघणार’ हे इथेच कोलमडतं. आणि त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट निघाली : आईला मार बसताना पाहणारी मुलं आणि स्वतः मार खाणारी मुलं, यांच्या त्रासात लक्षणीय फरक आढळला नाही. ‘मी पोरांना कधी हात लावला नाही’ म्हणणाऱ्या बापाने हे वाक्य दोनदा वाचावं.

परिणाम होतो तो कसा? एक वाट शरीराची आहे. रोज धोका असेल तर कॉर्टिसॉलसारख्या ताणाच्या संप्रेरकांचं चक्र बिघडतं आणि धोका हुंगणारा मेंदूचा भाग, अमिग्डला, सतत सावध राहतो. रानडुकरांनी एकदा मका उद्ध्वस्त केल्यावर जागलीला बसलेला माणूस पान हललं तरी उठतो, तसं. लंडनमधल्या २०११ च्या एका अभ्यासात घरात हिंसा अनुभवलेल्या मुलांना रागावलेले चेहरे दाखवले, तेव्हा त्यांच्या मेंदूत अमिग्डला आणि आणखी एक भाग जास्त उसळला; लढाईवरून आलेल्या सैनिकांत हेच दोन भाग तसे उसळलेले आढळले होते. आता हेच मूल वर्गात आणून बसवा. बाहेर मोटारसायकल थांबली की त्याची नजर फळ्यावरून दाराकडे जाते. शेजारच्याचा कोपर चुकून लागला तरी त्याचा हात आधी उठतो. घरी ज्या सवयीने ते वाचतं, त्याच सवयीपायी शाळेत मार खातं.

दुसरी वाट पाहून शिकण्याची. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला दाखवून दिलं की मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना पाहिलेली मुलं तशीच बडवतात. घरात तर बडवल्यावर मनासारखं होतं हेही दिसतं. राष्ट्रीय सर्वेक्षणात बायकांना ‘तुमचे वडील तुमच्या आईला मारायचे का’ असाही प्रश्न असतो, आणि ‘हो’ म्हणणाऱ्या बायकांना स्वतः मार बसण्याचं प्रमाण बरंच जास्त आढळतं. पिढी दर पिढी चालतं ते असं. तरी असं बालपण गेलेले बहुसंख्य लोक पुढे मारकुटे होत नाहीत, हेही तितकंच खरं.

तिसरी वाट आईमधून जाते, आणि इथे फार जपून बोलायला हवं. मार खाणारी, झोप नसलेली बाई मुलाकडे पुरेसं लक्ष देऊ शकत नाही, हे खरं असू शकतं. पण अशा अनेक आया उलट जास्त जीव लावून ती कसर भरून काढतात, असंही अभ्यासांत आढळलं आहे. दोष मारणाऱ्याचा आहे.

इथे अभ्यास करायचा तर

समजा जळगावच्या विद्यापीठातली एक विद्यार्थिनी चोपडा तालुक्यात हा अभ्यास करायला निघाली. १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि त्यापुढच्या मुलाचा लेखी होकारही लागतो. पण संमतीचा कागद घरी गेला आणि त्यावर ‘कौटुंबिक हिंसाचार’ असं छापलेलं असलं, तर त्या रात्री काय होईल? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या सुरक्षा शिफारशी सांगतात की अभ्यासाचा गाजावाजा ‘हिंसा’ म्हणून करू नये, आणि मुलाखत पूर्ण एकांतात घ्यावी. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत.

खेड्यात एकांत मिळणं महाकठीण. ओट्यावर बोलणं सुरू झालं की सासूबाई गहू निवडायला शेजारी येऊन बसतात, समोरची काकू ‘कोण वं पाहुनी?’ विचारत येते. तेव्हा त्या विद्यार्थिनीने वहीचं पान उलटून लसीकरणाचे प्रश्न सुरू करायला हवेत, चेहरा न बदलता. याचं प्रशिक्षण द्यावं लागतं.

आणि मुलाला वर्गात, सगळ्यांदेखत, ‘बाबा आईला मारतात का?’ असं विचारायचं नाही. कधीच नाही. मुलाने काही सांगितलं तर पुढे काय करायचं, कुणाला कळवायचं, त्याचं उत्तर तयार असल्याशिवाय प्रश्नच विचारायचा नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे, त्यामुळे ‘तू सांगशील ते कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देता येत नाही. हे त्याला आधीच सांगावं लागतं, त्याला कळेल अशा शब्दांत. लिहितानाही गावाचं, गल्लीचं नाव काढावं लागतं, कारण इथे ‘एक केळीवाला, तीन मुली’ एवढ्यावरून घर ओळखतात.

काय केल्याने फरक पडतो

मूल तगतं ते बहुतेकदा एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसामुळे, हे या संशोधनातून सातत्याने पुढे आलं आहे. आजी, मावशी, एखादी शिक्षिका. रोज त्याच वेळी भेटणारं, आवाज न चढवणारं कुणीतरी. आणि आई सुरक्षित झाली, सावरली, की मूलही सावरू लागतं. २००५ साली अमेरिकेत ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत ७५ माय-लेकरांच्या जोड्या होत्या. वर्षभर दर आठवड्याला आई आणि मूल यांना एकत्र बसवून उपचार केले, तेव्हा मुलांच्या वागण्यातला त्रास कमी झाला, आणि आयांचाही. मुलाला एकटं नेऊन ‘सुधारून’ आणण्यापेक्षा हे वेगळं आहे.

शिक्षकाच्या हातात उपचार नसतात, पण नजर असते. रोजची पोटदुखी, अचानक घसरलेले गुण, शाळा सुटल्यावर घरी न जाता रेंगाळणं, धाकट्या भावाला क्षणभरही नजरेआड न करणं. अशा मुलाला छडी मारली तर घरात जे चालतं तेच शाळेतही चालतं, एवढंच त्याला कळतं.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीसोबत शिवीगाळ, मानसिक छळ आणि पैशांची कोंडीही हिंसाच मानली आहे, आणि मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तक्रार बाईनेच करायला हवी असंही नाही. शेजारी, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, कुणीही या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कुठलीही दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो. फोन करायचा तर मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, आणि आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर ११२.